रस्त्याकाठच्या रोपवाटिका, नगरातील जैवविविधता आणि द्रव्यनिश्चिती : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

द्रव्यगुणशास्त्राचा पहिला पाठ पूर्वी रानात मिळत असे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे, तसेच वनात राहणारे लोक औषधींना नावाने व रूपाने ओळखतात, असे सांगितले आहे. नाम व रूप ही ज्ञानाची पहिली पायरी होय. वैद्याने तेथे न थांबता गुण, कर्म व योग जाणावेत, हा त्यामागील अभिप्राय आहे. मात्र पहिली पायरीच निसरडी झाली तर पुढचे सर्व ज्ञान व्यर्थ ठरते, हे आपण सर्व जाणतो.

आज नाम व रूप शिकविणारा गुराखी वैद्याच्या व रुग्णाच्या जीवनातून बहुतांशी दूर गेला आहे. त्याची जागा रस्त्याकाठी हिरवी जाळी बांधून काळ्या पिशव्यांतील रोपे विकणाऱ्या रोपवाटिकेने घेतली आहे. महानगरातील गृहिणी असो वा तालुक्याच्या गावातील शिक्षक, दारात औषधी झाड लावावयाचे म्हटले की पावले रोपवाटिकेकडे, म्हणजे लोकांच्या भाषेत 'नर्सरी'कडे वळतात. तेथे रोपाबरोबर एक नावही मिळते. तेच नाव घरात रुळते, शेजारी पोहोचते आणि शेवटी रुग्णाच्या तोंडून आपल्या चिकित्सालयात येते.

शहरात कोणती झाडे वाढतील आणि ती कोणत्या नावाने ओळखली जातील, या दोन्ही गोष्टींवर आज रोपवाटिकेचा मोठा प्रभाव आहे. म्हणून द्रव्यनिश्चितीचे काम आता रोपवाटिकेच्या दारापासूनच सुरू झाले पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

रोपवाटिकांचा व्यवहार

पुणे-सोलापूर महामार्गावर उरुळी कांचनच्या परिसरातील रोपवाटिका सर्वपरिचित आहेत. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळील कडियम हे तर संपूर्ण देशाला शोभेची रोपे पुरविणारे केंद्र होय. आपल्या जिल्ह्यातून उमरगा-नळदुर्ग मार्गे सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो, तर सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-येडशी हा रस्ता पुढे बीडकडे जातो. अशा रस्त्यांनी टेम्पोतून रोपे येतात व ठिकठिकाणी रस्त्याच्या कडेला त्यांची दुकाने मांडली जातात. पुण्यात ज्या झाडाची चलती होते, ते लवकरच तालुक्याच्या गावीही मिळू लागते. त्यामुळे महानगराचा हा प्रश्न आपल्याही अंगणातला आहे.

यांतील अनेक विक्रेत्यांजवळ पक्की जागा नसते, रोपांची नोंदवही नसते, रोपावर शास्त्रीय नावाची पट्टी नसते. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ चा कायदा आहे. फळझाडांची कलमे विकणाऱ्याला परवाना लागतो व कलम कोणत्या मातृवृक्षाचे याला महत्त्व असते. शोभेच्या व औषधी रोपांच्या किरकोळ विक्रीला तशी शिस्त नाही. यात विक्रेत्याचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. तो गिऱ्हाईक मागेल ते नाव सांगतो, आणि गिऱ्हाईक वर्तमानपत्रात वाचलेले किंवा दूरदर्शनवर ऐकलेले नाव मागते. या दोघांमध्ये जाणकार माणूस नाही, ही खरी उणीव आहे.

नाव तेच, द्रव्य निराळे

राजनिघंटुकार नरहरी यांनी वनस्पतीला नावे पडण्याचे सात आधार सांगितले आहेत : रूढी, प्रभाव, देश्योक्ती, लांछन, उपमा, वीर्य आणि इतराह्वय. आजच्या काळात 'बाजार' हा आठवा आधार मानावा लागेल. आपल्या जिल्ह्याला नामभेदाची सवय आहे. उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. प्राचीन तगर हे आजचे तेर. गावाचे नाव बदलले तरी गाव तेच राहते. बाजारात मात्र नाव तेच राहून वनस्पती बदलते. पुढील उदाहरणे या दृष्टीने पाहावीत.

१) अशोक : रोपवाटिकेत अशोक म्हणून जे सरळसोट, खाली झुकलेल्या फांद्यांचे झाड मिळते ते मोनून लाँगिफोलियम (पूर्वीचे नाव पॉलिअल्थिया लाँगिफोलिया) होय. आयुर्वेदीय औषधिकोशातील अशोक म्हणजे सराका असोका, अर्थात सीताअशोक. पहिल्याचे पान साधे, लांबट व कडेला नागमोडी असते व फुले हिरवट पिवळी असतात. दुसऱ्याचे पान संयुक्त, कोवळी पालवी तांबूस व लोंबती, आणि फुलांचे केशरी-तांबडे गुच्छ थेट फांद्यांवर येतात. सालीच्या बाजारातील भेसळीचे मूळ याच नामसाम्यात आहे. सीताअशोक जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत असुरक्षित गणला गेला आहे, हेही औषधनिर्मात्यांनी ध्यानी घ्यावे.

२) तगर : अंगणात पूजेसाठी लावली जाणारी पांढऱ्या फुलांची तगर म्हणजे टॅबरनेमोंटाना डायव्हरिकेटा, तिच्या पानाला चीक असतो. निघंटूतील सुगंधी मुळाचे तगर हिमालयात होते व ते व्हॅलेरियाना कुळातील आहे. रुग्णाने 'घरी तगर आहे, तिचे मूळ चालेल का?' असे विचारल्यास उत्तर स्पष्ट 'नाही' असेच असावे.

३) शतावरी : नाजूक पानांची, टांगत्या कुंडीत शोभणारी 'शतावरी' बहुधा ॲस्परॅगस सेटॅशियस किंवा ॲस्परॅगस डेन्सिफ्लोरस असते. या दोन्ही जाती आफ्रिकेतील आहेत. औषधी शतावरी, म्हणजे ॲस्परॅगस रेसिमोसस, ही काटेरी वेल असून तिच्या बुडाशी मांसल मुळ्यांचा झुबका असतो.

४) भृंगराज : 'पिवळा माका' म्हणून जमिनीवर पसरणारी, चकचकीत पानांची व पिवळ्या फुलांची जी वनस्पती मिळते ती बहुतेक वेळा अमेरिकेतून आलेली स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा, म्हणजे बागवानांची 'वेडेलिया' असते. औषधिकोशातील भृंगराज हा पांढऱ्या फुलांचा माका, एक्लिप्टा प्रोस्ट्राटा होय. आणि परंपरेतील पीतभृंगराज ही वेडेलिया चायनेन्सिस ही वेगळी जाती.

५) कांचनार : औषधी कांचनार बौहिनिया व्हेरिएगाटा. रस्त्याकडेला लावला जाणारा गडद जांभळ्या फुलांचा 'ब्लेकियाना' हा हाँगकाँगमधील संकर असून त्याला शेंगा धरत नाहीत. म्हणजे तो केवळ कलमानेच वाढतो आणि त्याची सर्व झाडे एकाच मूळ झाडाची प्रतिरूपे असतात.

६) शंखपुष्पी व ब्राह्मी : या दोन नावांविषयीचा मतभेद शास्त्रातच आहे. गोकर्णीला शंखपुष्पी म्हणणारी परंपरा दक्षिणेत आहे. महाराष्ट्रात मंडूकपर्णीला सर्रास ब्राह्मी म्हणतात. औषधिकोशाप्रमाणे ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. पाककृतीत कोणती घेतली, हे औषधनिर्मात्याने लेखी नोंदविले तर हा मतभेद अपायकारक ठरत नाही.

७) 'इन्सुलिन' : हे नाव निघंटूत नाही आणि वनस्पतीही नाही. कॅमेकॉस्टस कस्पिडेटस ही मूळ ब्राझीलची वनस्पती आहे. तिच्या पानात इन्सुलिन नसते, आणि इन्सुलिन तोंडाने घेतले तरी ते पचून जाते. मधुमेहाचा रुग्ण रोज एक पान चावून चालू औषध बंद करतो, हा यातील खरा धोका आहे. प्रमेहाच्या प्रत्येक रुग्णास 'घरी कोणते रोप आणले आहे काय?' हा प्रश्न आवर्जून विचारावा.

८) कण्हेर : करवीर म्हणजे नेरियम, तो उपविषांत गणला आहे. पिवळी कण्हेर ही कॅस्कबेला थेवेशिया, अमेरिकेतून आलेली निराळी वनस्पती. दोन्ही हृदयावर घातक परिणाम करतात. शोभेचे झाड म्हणून दोन्ही विकली जातात आणि लहान मुले खेळतात तेथेच लावली जातात.

गुळवेलीचा धडा

२०२० व २०२१ या महामारीच्या वर्षांत गुळवेलीला अपूर्व मागणी आली. छाटकलमाने सहज लागणारी ही वेल रोपवाटिकांतून घरोघर पोहोचली. २०२१ मध्ये मुंबईतील काही रुग्णांत गुळवेल घेतल्यानंतर यकृतविकार आढळल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानंतर आयुष मंत्रालयाने, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही औषधी गुळवेल सुरक्षित असून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा वापरल्यास अपाय होऊ शकतो, असे स्पष्ट केले. दुसऱ्या बाजूस, तपासलेल्या नमुन्यांत कॉर्डिफोलियाच आढळल्याचे काही यकृततज्ज्ञांनी मांडले. मात्रा, काळ व रुग्णाची प्रकृती यांचा विचार न करता महिनोन्‌महिने एकच द्रव्य घेणे हे आपल्या शास्त्राला कधीच संमत नव्हते, याचे येथे स्मरण ठेवावे.

या वादात आमच्या मते एक गोष्ट निर्विवाद आहे. वेलीची ओळख पक्की असेल तर मात्रेचा व प्रकृतीचा विचार करता येतो. ओळखच नसेल तर कोणताही विचार करता येत नाही. म्हणून ही लक्षणे पाठ असावीत : औषधी गुळवेलीचे कांड हिरवे व गाठींविरहित, चीक नसलेले; फुलास सहा पाकळ्या; फळ गोल व लाल. क्रिस्पाचे कांड करडे व गाठीगाठींचे, छाटल्यास दुधासारखा स्राव, पाकळ्या तीन, फळ लांबट व नारिंगी.

याच वेलीवरून जैवविविधतेचा एक मुद्दा सहज कळतो. गुळवेलीत नर व मादी वेली वेगळ्या असतात. एका नर वेलीच्या कांड्या छाटून शंभर पिशव्या भरल्या, तर शंभर घरांत नर वेलीच लागतील. तेथे लाल फळ धरणार नाही, पक्ष्यांना खाद्य मिळणार नाही आणि बीजाने नवी वेल उगवणार नाही. गावात गुळवेलीची संख्या वाढली, पण तिची विविधता मात्र वाढली नाही. संख्या व विविधता यांतील हा भेद रोपवाटिकांच्या चर्चेत कायम ध्यानात ठेवावा.

शोभेतून उपद्रव

आज रानोमाळ पसरलेली घाणेरी, म्हणजे लँटाना, एकोणिसाव्या शतकात शोभेचे झुडूप म्हणून भारतात आणली गेली. जलपर्णी ही तिच्या जांभळ्या फुलांसाठी आणली गेली आणि पुढे नद्या-तलाव व्यापून बसली; पुण्याच्या मुळा-मुठेचे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. वर उल्लेखिलेली वेडेलिया, घाणेरी व जलपर्णी या तिन्ही जगातील सर्वाधिक उपद्रवी शंभर परकी जातींच्या यादीत आहेत. झटपट हिरवाईसाठी लावल्या गेलेल्या कोनोकार्पसवर तर तेलंगणाने २०२२ मध्ये व गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली.

परकी वनस्पती सरसकट वाईट असते, असे कोणी समजू नये. बागेत राहणारी व बागेबाहेर पळणारी, हा विवेक करावा. जी वनस्पती न लावता उगवते, पाण्यावाचून पसरते आणि जनावर तिला तोंड लावत नाही, तिच्याविषयी सावध असावे. माळावर घाणेरी माजली की तिच्या खालची गवते व लहान औषधी प्रकाशाअभावी दबतात. शंखपुष्पी, भुईआवळी, पुनर्नवा ही भूमीलगत वाढणारी द्रव्ये आधी हरवतात, आणि त्यांची उणीव आपल्या कोठारात दिसू लागते.

रोपवाटिकांची जमेची बाजू

न्यायबुद्धीने पाहता या रस्त्याकाठच्या रोपवाटिकांनी बरेच राखलेही आहे. अडुळसा, निर्गुडी, पानओवा, गवती चहा, सब्जा, कोरफड, पारिजातक, बकुळ, जाई-जुई ही झाडे शहरी माणसाच्या दारात आजही दिसतात ती यांच्यामुळेच. एखाद्या लहान रोपवाटिकेतही नाना कुळांतील रोपे एकत्र नांदत असतात. त्यांच्यावर फुलपाखरे येतात, मधमाश्या येतात. ज्या खोट्या अशोकाविषयी आपण तक्रार करतो, त्याच्या पानांवर 'टेल्ड जे' या फुलपाखराच्या अळ्या वाढतात व त्याची फळे वटवाघळे खातात. झाड निरुपयोगी नाही. त्याला दिलेले नाव चुकीचे आहे, एवढेच.

या विक्रेत्यांचे कौशल्यही कमी लेखू नये. गुटीकलम, दाबकलम, छाटकलम या क्रिया त्यांच्या हातात असतात. कोणते रोप कोणत्या महिन्यात लागते, कोणते उन्हाळ्यात टिकत नाही, हे ते अनुभवाने जाणतात. ते हात आणि आपले द्रव्यज्ञान एकत्र आले तर मोठे काम होईल.

आपल्या जिल्ह्यात काय करता येईल

धाराशिव जिल्हा अवर्षणप्रवण आहे. बालाघाटाची पठारे, मुरमाड माळ आणि तेरणा, मांजरा, बोरी यांची खोरी असे त्याचे स्वरूप आहे. सीताअशोक हा दमट, सावलीच्या प्रदेशातील वृक्ष असल्याने येथे ओलावा व आडोसा असलेल्या जागीच लावावा. उत्साहाच्या भरात उघड्या माळावर लावलेली रोपे पहिल्या उन्हाळ्यात जातात. उलट बेल, पळस, आपटा, कडुनिंब, करंज, निर्गुडी, शतावरी, गुळवेल ही कोरड्या हवेत तग धरणारी द्रव्ये आहेत. ओढ्याकाठी अर्जुन उत्तम येतो.

येडशी-रामलिंग घाट अभयारण्य सुमारे २२ चौरस किलोमीटरचे आहे. अभयारण्यातून मुळे, साली वा रोपे काढून आणणे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार निषिद्ध आहे, आणि ते शास्त्रालाही धरून नाही. एवढ्या लहान वनावर औषधांच्या मागणीचा भार पडता कामा नये. वनाबाहेरील बांध, देवराया, शेतकडेची जुनी झाडे यांपासून मालकाच्या व ग्रामस्थांच्या संमतीने बी गोळा करावे. तेही एकाच झाडाचे न घेता निरनिराळ्या गावांतील अनेक झाडांचे घ्यावे. ते बी जवळच्या रोपवाटिकेला द्यावे व येणारी रोपे ठरावीक भावाने विकत घेण्याची हमी द्यावी. विक्रेत्याला गिऱ्हाईक मिळाले की तो रोप करतोच. उपदेशापेक्षा मागणी अधिक परिणामकारक ठरते.

कायद्याची बाजूही येथे अनुकूल आहे. जैविक विविधता अधिनियम २००२ मध्ये २०२३ साली झालेल्या दुरुस्त्या १ एप्रिल २०२४ पासून अमलात आल्या. उपजीविकेसाठी व्यवसाय करणारे वैद्य, हकीम व नोंदणीकृत आयुष व्यवसायी यांना राज्य मंडळास पूर्वसूचना देण्यापासून सूट आहे; लागवड केलेल्या औषधी वनस्पतींनाही ती आहे. लागवडीच्या मालासाठी स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून उत्पत्तीचे प्रमाणपत्र मिळण्याची तरतूद आहे. ज्या औषधनिर्मात्याजवळ 'हे द्रव्य अमुक गावच्या लागवडीतील' असा कागद आहे, त्याचा व्यवहार अधिक निर्धोक राहील. त्याचबरोबर गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत वनस्पतीचे स्थानिक नाव व शास्त्रीय नाव शेजारी-शेजारी लिहिले जावे, यासाठी आपण वैद्यांनी समितीस साहाय्य करावे.

व्यवसायींसाठी सूचना

१) रुग्णास घरच्या वनस्पतीचा प्रयोग सांगण्यापूर्वी ती प्रत्यक्ष पाहावी. केवळ नावावर विसंबून मात्रा सांगू नये. फांदी, पान व जमल्यास फूल आणावयास सांगावे.

२) रोपवाटिकेतून नुकत्याच आणलेल्या रोपाची पाने पोटात देऊ नयेत. शोभेच्या रोपांवर कीटकनाशकांची फवारणी होत असते. जुनी पाने काढून टाकून नवी वाढ येऊ द्यावी व मगच वापर करावा.

३) औषधनिर्मात्यांनी ताजे द्रव्य घेताना त्याचा एक सुकविलेला नमुना दिनांक, स्थळ व विक्रेता यांच्या नोंदीसह कागदावर जपून ठेवावा. अनुसूची 'टी' मध्ये अपेक्षित असलेली कच्च्या मालाची ओळख अशा नमुन्याने पुष्कळ सुकर होते. शंका आल्यास जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयातील द्रव्यगुण विभागाचे मत घ्यावे.

४) वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडी, तालुक्यातील वैद्यांनी मिळून जवळच्या रोपवाटिकेस भेट द्यावी. औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या रोपांना मराठी, संस्कृत व शास्त्रीय नावाच्या पट्ट्या स्वखर्चाने लावून द्याव्यात. विषारी झाडांवर तसा स्पष्ट उल्लेख असावा. विक्रेता बहुधा याचे स्वागतच करील, कारण ओळखीच्या मालाला भाव चांगला येतो.

५) गुळवेल लावताना नर व मादी दोन्ही वेली मिळवाव्यात. वृक्षांच्या बाबतीत शक्यतो बीजापासून केलेले रोप घ्यावे.

६) वृक्षारोपणाच्या कार्यक्रमास वैद्यांना बोलावले जाते. तेथे भाषणाआधी रोपांची यादी मागून पाहावी आणि पसरणाऱ्या परक्या जाती नम्रपणे वगळावयास सांगाव्यात.

उपसंहार

वनौषधी दुर्मीळ होत चालल्याची खंत आपल्या परिषदांतून नेहमी व्यक्त होते. त्या खंतीचा एक भाग रानात आहे, तो आपल्या एकट्याच्या आवाक्यातला नाही. दुसरा भाग मात्र गावाच्या वेशीवरच्या रोपवाटिकेत आहे. तेथे चुकीच्या नावाने विकले गेलेले प्रत्येक रोप पुढील पिढीच्या द्रव्यज्ञानात एक चूक रुजवीत असते. योग्य नावाने, योग्य बीजापासून झालेले रोप विकले गेले, तर त्याच दारातून रुग्णाला औषध मिळेल आणि पाखराला फळही. यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. येत्या ज्येष्ठात आपल्या तालुक्यातील वैद्यबंधू व औषधनिर्माते यांनी एका तरी रोपवाटिकेची निवड करून तेथील औषधी रोपांची नावे तपासण्यास आरंभ करावा, असे आमचे नम्र आवाहन आहे.